घाट रविवारी, तयारी शुक्रवारपासून

साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली आणि आता पावसाळ्याच्या उत्तरार्धातला तो एक रविवार कितीतरी धावपटूंच्या घरी दिनदर्शिकेवर आधीच खूण करून ठेवलेला असतो. शहरातून निघायचे, समर्थ मंदिराच्या बाजूने यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या दिशेने काही अंतर जायचे आणि त्याच वाटेने परत उतरायचे, असा हा एकवीस किलोमीटरचा मार्ग आहे. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे याच शर्यतीविषयी आहेत, आणि गंमत अशी की त्यांत सराव कसा करावा हे कोणीही विचारलेले नाही. गाडी किती वाजता काढावी, लॉजवर पहाटे चार वाजता काय खावे, घरच्यांना कास कधी दाखवावे, असेच सगळे प्रश्न आहेत. माझ्या मते हे बरोबरच आहे. बाहेरगावच्या शर्यतीत पाय ऐनवेळी दगा देतात, तेव्हा त्यामागे सरावातली उणीव असते त्याहून अधिक वेळा शुक्रवार-शनिवारची अव्यवस्था असते.

मी ४७ वर्षांची असून डोंबिवलीला राहते. मुंबईत दोन हाफ मॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत. साताऱ्याला प्रथमच जात आहे. यजमान आणि दोन्ही मुले बरोबर येणार आहेत. शुक्रवारी कार्यालय सुटल्यावर निघावे की शनिवारी सकाळी? शनिवारी दुपारी कास पठार पाहून घ्यावे, असे मुलांचे म्हणणे आहे. मी शाकाहारी आहे. शनिवारी नेमके काय आणि किती खावे? माझे वजन ५८ किलो आहे.

आपल्या पत्रात तीन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

प्रथम निघण्याविषयी. शर्यतीच्या आदल्या रात्री, म्हणजे शनिवारी, बहुतेकांना झोप नीट लागत नाही. नवी जागा, पहाटेचा गजर आणि मनातली धाकधूक यांमुळे ती तुटक लागते, हे गृहीतच धरावे. त्यामुळे खरी भरवशाची झोप शुक्रवार रात्रीची असते. आपण शुक्रवारी सायंकाळी सात वाजता डोंबिवलीहून निघालात, तर द्रुतगती मार्ग, पुण्याच्या बाहेरची गर्दी आणि खंबाटकी घाट यांतून साताऱ्याला पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटेल आणि तीच झोप हातची जाईल. शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत निघणे जमत असेल, तर अवश्य शुक्रवारी जावे. जमत नसेल, तर शुक्रवारी रात्री घरच्या अंथरुणावर आठ तास झोपून शनिवारी सकाळी सात वाजता निघावे. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटरचे आहे. वाटेत दोनदा थांबूनही आपण दुपारी एक-दीडपर्यंत पोहोचाल आणि बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावक्रमांक, घेण्यासाठी पुरेसा वेळ उरेल. बिबवाटपाची वेळ आणि जागा आयोजकांच्या सूचनेत पाहून घ्यावी आणि ओळखपत्र पर्समध्ये आधीच ठेवावे. रेल्वेने येणार असाल, तर साताऱ्याचे स्थानक शहरापासून काही किलोमीटर बाहेर आहे, हे लक्षात असू द्या. पावसात चार जणांना रिक्षा मिळेपर्यंत अर्धा तास सहज जातो.

कास शनिवारी नको. ते शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन गाडीतच दीड-दोन तास, त्यावर पठारावर दोन तासांची पायपीट, आणि तीही बहुधा ओल्या बुटांत. हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी पाहुण्यांच्या आग्रहाखातर शनिवारी सायंकाळी अजिंक्यतारा चढलो होतो. गड छोटा आहे, चढही फारसा नाही, परंतु दुसऱ्या दिवशी यवतेश्वरच्या पहिल्याच वळणावर पोटऱ्या जड झाल्या आणि त्या शेवटपर्यंत तशाच राहिल्या. मुलांना शनिवारी यजमानांबरोबर पाठवता आले, तर उत्तम. आपण मात्र खोलीवर पाय लांब करून पडावे. कास रविवारी दुपारी किंवा एखादा दिवस रजा काढून सोमवारी सकाळी पाहावे. फुलांचा हंगाम साधारण ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो. त्या काळात प्रवेशासाठी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी फार असते, म्हणून सोमवार मिळाला तर तो निवडावा. शर्यतीनंतरच्या सकाळी पठारावरचे सावकाश चालणे आखडलेल्या पायांनाही बरेच वाटते.

आता जेवण. आपल्या स्नायूंमध्ये ग्लायकोजेनच्या रूपात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम कर्बोदके साठवता येतात आणि यकृतात त्याशिवाय ८०-१०० ग्रॅम. घाटातल्या २१ किलोमीटरला आपल्याला अडीच तासांहून अधिक वेळ लागेल. दीड तासाहून लांबणाऱ्या श्रमाला हा साठा भरलेला असणे उपयोगी पडते. क्रीडा आहारशास्त्राच्या मार्गदर्शनात अशा शर्यतीपूर्वीच्या दीड-दोन दिवसांत दर किलो वजनामागे रोज १० ते १२ ग्रॅम कर्बोदके सुचवलेली असतात. आपल्या वजनाला ते ६०० ग्रॅमच्या आसपास जाते. घरगुती जेवणातून इतके खाणे अवघड आहे आणि जबरदस्तीने खाल्ल्यास पोट बिघडते. आपण शुक्रवार आणि शनिवार या दोन्ही दिवशी रोज सुमारे ४०० ग्रॅमचे लक्ष्य ठेवावे, ते पुरेसे आहे.

हे ४०० ग्रॅम कसे दिसतात, तेही सांगतो. सकाळी मोठी बशीभर पोहे, म्हणजे कोरडे ७० ग्रॅम, यांतून ५०-५५ ग्रॅम मिळतात. दोन केळी ५० ग्रॅमची. दुपारी दोन वाट्या भात, वरण आणि दोन पोळ्या मिळून १३०-१४०. दुपारच्या वेळी चार साधे खजूर आणि एक पेला उसाचा रस किंवा गोड कोकम सरबत मिळून ५० ते ६०. रात्री अडीच वाट्या मऊ मुगाची खिचडी ९० ते १०० ग्रॅम. चहातली साखर आणि पोळीबरोबरचा गूळ वेगळा. यात तुपाची धार असू द्या, पण तळलेले काही नको, कारण पोट भरते ते स्निग्धांशाने आणि मग भाताला जागा राहत नाही. एरवी ज्याची आपण शिफारस करतो ते सगळे, म्हणजे मटकीची उसळ, कोबी, ज्वारीची भाकरी, कच्ची कोशिंबीर, शनिवारी दुपारनंतर बाजूला ठेवावे, कारण तंतुमय पदार्थ रविवारी सकाळी नको त्या वेळी हाक मारतात. साताऱ्याची झणझणीत मिसळ खुणावेल. ती रविवारी दुपारी खावी. रसाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: पावसाळ्यात रस्त्यावरचा रस, कापलेली फळे आणि ओल्या नारळाची चटणी टाळावी. उसाचा रस घ्यायचाच असेल, तर शुक्रवारी घराजवळच्या ओळखीच्या दुकानातून, बर्फाविना. शनिवारी घरून आणलेले कोकमच बरे.

एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणीही साठवते, त्यामुळे रविवारी सकाळी वजन किलोभर वाढलेले दिसेल आणि पाय किंचित फुगल्यासारखे वाटतील. ते वजन म्हणजे आपले इंधनच आहे. त्याला घाबरून रात्रीची खिचडी निम्मी करू नये. रात्रीचे जेवण साडेसातच्या आत उरकावे आणि हॉटेलात जागा मिळवण्यासाठी त्या दिवशी झुंबड असते, म्हणून खोली घेतानाच खिचडी-भाताची सोय विचारून ठेवावी.

राहिली पहाट. शर्यत सकाळी लवकर सुटते, त्यामुळे न्याहारी चारच्या सुमारास होते आणि त्या वेळी लॉजचे स्वयंपाकघर बंद असते. एक छोटी विजेची किटली, गरम पाण्यात भिजणारे तयार पोहे, ब्रेड, जॅम आणि दोन केळी एवढे सामान घरून न्यावे. सुटण्याच्या अडीच-तीन तास आधी ७० ते ९० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली की पुरे. ही न्याहारी घरी, रविवारच्या लांब धावण्याच्या आधी, किमान तीनदा करून पाहिलेली असावी, आणि तीही पहाटे चारलाच, सहाला नव्हे.

मी पुण्यात राहतो. यंदा शर्यत श्रावणातल्या रविवारी आली, तर आदल्या दिवशी माझा श्रावणी शनिवारचा उपवास असेल. आईच्या पश्चात मी तो कधी मोडलेला नाही. प्रशिक्षक म्हणतात, उपवास सोडा किंवा शर्यत सोडा. आपले मत काय?

आपल्या प्रशिक्षकांची काळजी रास्त आहे, परंतु त्यांनी बहुधा उपवासाचे ताट नीट पाहिलेले नाही. निर्जळी किंवा दिवसभर काहीही न खाण्याचा उपवास असेल, तर मीही त्यांच्याच बाजूचा आहे. रिकाम्या साठ्याने घाट चढू नये. पण आपल्याकडचा फराळी उपवास वेगळा असतो. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके असतात आणि तंतू जवळजवळ नसतात. वरीचा भात, रताळी, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू, केळी, खजूर, हे सगळेही त्याच कुळातले. धावपटूने शर्यतीच्या आदल्या दिवशी जे खावे असे आम्ही सांगतो, ते आजीने श्रावणात आधीच मांडून ठेवलेले आहे, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

अडचण एवढीच, की आपण साबुदाण्याला दाण्याच्या कुटात आणि तुपात बुडवतो. साठ ग्रॅम साबुदाण्याची खिचडी केली, तर त्यातून ५० ग्रॅम कर्बोदके मिळतात. तीत मूठभर कूट आणि दोन चमचे तूप पडले, की पंचवीस ग्रॅम स्निग्धांशही येतो, आणि अशी खिचडी पोटात बराच वेळ बसून राहते. म्हणून शनिवारी कूट नावापुरते घालावे, किंवा साबुदाण्याची पातळ खीर करावी. साबुदाणा वडे, तळलेले बटाट्याचे पापड आणि दाण्याची आमटी या तिघांना मात्र त्या दिवशी रजा द्यावी. दर दोन-अडीच तासांनी थोडे खात राहावे, सैंधव घातलेले ताक किंवा लिंबाचे सरबत प्यावे. सायंकाळी उपवास सोडताना वरण-भात किंवा मुगाची खिचडी घ्यावी आणि पुरणा-वरणाचा भरगच्च बेत टाळावा. हाच आहार आधी एखाद्या शनिवारी करून रविवारी सोळा-सतरा किलोमीटर धावून पाहावे. पोटाने तक्रार केली नाही, तर आपल्या प्रशिक्षकांना ते ताट दाखवावे.

नाशिकहून लिहीत आहे. मला साधारण दोन तास पन्नास मिनिटे लागतील असे वाटते. गटातले काही जण सांगतात की प्रत्येक टेबलावर पाणी प्यायलेच पाहिजे. दुसरे म्हणतात मिठाच्या गोळ्या घ्या. एकाने सुटण्यापूर्वी वेदनाशामक गोळी घेण्याचा सल्ला दिला आहे. धावताना पाकिटातून घ्यायचे ऊर्जेचे जेल किती घ्यावेत? ते मला फार गोड लागतात.

वेदनाशामकापासून सुरुवात करतो, कारण त्याबाबत माझे मत ठाम आहे. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या धावण्यापूर्वी घेऊ नयेत. श्रमात मूत्रपिंडाकडचा रक्तप्रवाह आधीच कमी झालेला असतो. या गोळ्या त्यावर आणखी ताण आणतात, आणि शरीरात पाणी साचण्याचा धोकाही वाढवतात. जो दुखावा गोळीशिवाय सहन होत नाही, त्याच्यासह घाट धावू नये.

पाण्याविषयीची आपल्याकडची भीती एकतर्फी आहे. कमी पडेल, याचीच आपण चिंता करतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियम सामान्य पातळीखाली गेलेले आढळले. धावताना वजन कमी होण्याऐवजी वाढलेले आणि चार तासांहून अधिक वेळ लागलेले लोक त्यांत ठळक होते. म्हणजे जे सावकाश धावतात आणि प्रत्येक टेबलावर थांबून पेला रिकामा करतात, त्यांना हा धोका अधिक. साताऱ्याच्या पावसात आणि ढगांत घाम तसा थोडा कमी येईल, पण हवेत ओलावा इतका असतो की आलेला घाम वाळत नाही आणि अंग चिंब होते, त्यामुळे किती गेले याचा अंदाज चुकतो. तहान लागेल तेव्हा दोन-तीन घोट, तासाला साधारण अर्धा लिटरच्या आत-बाहेर, एवढे आपल्याला पुरावे. आपला स्वतःचा आकडा हवा असेल, तर तासभर धावण्यापूर्वी आणि नंतर अंग पुसून वजन करावे. पाणी न पिता एक किलो घट म्हणजे सुमारे एक लिटर घाम.

मिठाच्या गोळ्यांची गरज मला दिसत नाही. ओआरएसचे पाकीट जवळ ठेवण्यास हरकत नाही, पण ते इंधन नव्हे, हे ध्यानात असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एका लिटरच्या पाकिटात ग्लुकोज केवळ १३.५ ग्रॅम असते. एका जेलमध्येच २२ ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात.

जेलचा हिशेब असा. अडीच-तीन तासांच्या धावण्यात तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके घ्यावीत. आपण खालच्या टोकाला राहिलात, तरी तीन किंवा चार जेल लागतील. वेळ घड्याळावर ठरवण्यापेक्षा रस्त्यावर ठरवावी. पहिले जेल यवतेश्वरचा चढ सुरू होण्यापूर्वी, श्वास अजून ताब्यात असताना. दुसरे वर पोहोचल्यावर, जिथे रस्ता थोडा सपाट होतो. तिसरे परतीचा उतार लागण्यापूर्वी. चढावर धाप लागलेली असताना चावायला लागणारे काहीही घशाशी अडते. उतारावर पोट हिंदकळते. म्हणून या दोन टप्प्यांत खाणे टाळलेले बरे. गोडपणा सहन होत नसेल, तर बिया काढलेले साधे खजूर आणि गुळाचे खडे एका छोट्या पिशवीत ठेवावेत. तीन छोट्या खजुरांतून १५-१८ ग्रॅम आणि दहा ग्रॅम गुळातून नऊ-साडेनऊ ग्रॅम कर्बोदके मिळतात. शेंगदाण्याची चिक्की नको. तिच्यात दाणे अधिक आणि ती पावसात चिकटते. जेलनंतर साधे पाणी घ्यावे, इलेक्ट्रोलाइटचे गोड पेय नव्हे, म्हणजे पोटात साखरेचा पाक होणार नाही.

शर्यतीच्या आदल्या रात्री मला अजिबात झोप लागत नाही. झोपेची सौम्य गोळी घेतली तर चालेल का? — मिरज

नाही. गोळीची गुंगी पहाटे चार वाजता उतरलेली नसते. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने पायांची ताकद फारशी घटत नाही. त्याच वेगाला श्रम मात्र अधिक वाटतात, हे ठाऊक असले म्हणजे घाबरायला होत नाही. आठवडाभर रोज अर्धा-पाऊण तास लवकर झोपावे. शनिवारी दुपारी दोननंतर चहा-कॉफी बंद करावी, कारण कॅफिनचा निम्मा अंश शरीरात पाच-सहा तासांनंतरही असतो. खोली रस्त्याच्या बाजूची नको, आणि लॉजच्या आवारात मंगल कार्यालय नाही ना, हे आधी विचारावे. बँडच्या तालावर मी एकदा रात्री दीडपर्यंत छत पाहत पडलो होतो, म्हणून हे सुचवत आहे. झोप आली नाही, तरी दिवा मालवून आडवे राहावे आणि मोबाइलवर पावसाचा अंदाज दर तासाला पाहू नये.

वय ५४, टाइप-२ मधुमेह, दोन वर्षे नियमित धावतो. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. भात, केळी, जेल हे सगळे माझ्यासाठी निषिद्ध आहे, मग मी काय करू? — सांगली

शर्यतीच्या किमान महिनाभर आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे आणि हा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवावा. येथे मी केवळ विचारण्याचे मुद्दे देत आहे. मेटफॉर्मिनमुळे एकट्याने साखर फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवायला लावते, आणि त्यातच दोन-तीन तासांचे श्रम आले तर साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. शनिवार रात्रीची आणि रविवार सकाळची मात्रा कमी करायची की टाळायची, हे त्यांनीच ठरवायचे आहे. आपल्या औषधांत डॅपाग्लिफ्लोझिनसारखे काही नव्याने आले असेल, तर तेही आवर्जून सांगावे. लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकणाऱ्या या औषधांनी निर्जलीकरण होऊ शकते आणि खाणे कमी पडले तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो.

सर्वसाधारण नियम असा, की सुटण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर आकडा ९०च्या खाली असेल, तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके घेऊन तो वर आल्याशिवाय धावू नये, आणि २५०च्या वर असून बरे वाटत नसेल, तर त्या दिवशी धावूच नये. इतरांसाठी सांगितलेला ४०० ग्रॅमचा बेत आपल्यासाठी नाही. आपले नेहमीचे जेवण नेहमीच्या वेळी घ्यावे. पण धावताना खिशातले ग्लुकोज निषिद्ध नाही, ते औषध आहे. हात थरथरणे, एकदम घाम फुटणे, डोळ्यांपुढे धूसर होणे यांपैकी काही जाणवले, की चालायला लागावे, १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे आणि वेळेचा विचार सोडून द्यावा. बिबच्या मागच्या बाजूला मधुमेह, औषधांची नावे आणि घरचा दूरध्वनी लिहून ठेवावा. ती जागा त्यासाठीच असते आणि नव्वद टक्के लोक ती कोरी ठेवतात, असा आपला माझा अंदाज.

बंगळुरूला नोकरी करतो, मूळचा कराडचा. शनिवारी सकाळी पुण्याला उतरून भाड्याची गाडी स्वतः चालवत साताऱ्याला येणार, रविवारी शर्यत संपताच दुपारी निघून रात्रीच्या विमानाने परत, सोमवारी सकाळी कार्यालयात. सपाट रस्त्यावर माझी हाफ मॅरेथॉनची वेळ १ तास ५२ मिनिटे आहे. या बेतात काही चुकते आहे का?

बेतात दोन गोष्टी चुकत आहेत, आणि दोन्ही उताराशी संबंधित आहेत.

सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे आणि कासचे पठार सुमारे १२०० मीटरवर. या फरकाचा बराच भाग आपण धावत चढणार आणि तितकाच धावत उतरणार आहात. चढाची भीती सर्वांना असते, त्यामुळे त्याची तयारी होते. स्नायूंची मोडतोड करतो तो उतार. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच आकुंचन पावतात, प्रत्येक पावलाला ब्रेक लावतात, आणि त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. त्याचे दुखणे त्या दिवशी फारसे जाणवत नाही. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. सोमवारी आपण कार्यालयाचा जिना उतरताना कठडा धराल, हे मी आताच सांगून ठेवतो. त्यावर एक चांगला उपाय आहे. एकदा उताराचा मारा झाला, की पुढचे काही आठवडे तेच स्नायू तसल्याच माऱ्याला बरेच अधिक टिकतात. म्हणून शर्यतीच्या दोन ते तीन आठवडे आधी बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सच्या रस्त्यावर एकदा चार-पाच किलोमीटर सावकाश, छोट्या पावलांनी उतरावे. शेवटच्या दहा दिवसांत मात्र हा प्रयोग करू नये.

दुसरी चूक गाडीची. पाय आखडलेले, पोट अर्धे रिकामे, पहाटे तीनपासून जागे, आणि रविवारी दुपारनंतर साताऱ्याहून पुण्याकडे परतणाऱ्यांची रांग, अशा स्थितीत सव्वाशे किलोमीटर स्वतः गाडी चालवू नये. ब्रेकवरचा पाय त्याच मांडीच्या जोरावर चालतो. चालक असलेली गाडी करावी किंवा बसने यावे, आणि विमान रात्रीचे न घेता सोमवार सकाळचे घ्यावे. ते शक्यच नसेल, तर निघण्यापूर्वी दोन तास साताऱ्यातच थांबावे. पहिल्या तासात ६०-७० ग्रॅम कर्बोदके आणि वीसेक ग्रॅम प्रथिने पोटात जावीत. वरण-भात आणि दही, किंवा मांसाहार करत असाल तर अंडी आणि पोळी, याने ते सहज साधते. वजन जेवढे घटले असेल त्याच्या सव्वा ते दीडपट द्रव पुढच्या काही तासांत थोडे थोडे करून घ्यावे. ओले कपडे लगेच बदलावेत, कारण वर घाटात वारा असतो आणि थांबल्यावर हुडहुडी भरते. गाडीत बसल्यावर दर तासाला पाच मिनिटे उतरून चालावे आणि विमानात मधल्या वाटेलगतची जागा घ्यावी. तासन् तास गुडघे दुमडून बसल्याने पोटरीतले रक्त साकळण्याचा धोका थोडा का होईना, असतो. नंतर एकाच पोटरीला सूज आली, ती गरम लागली आणि दुखत राहिली, तर तिला स्नायूंचा दुखावा समजून बाम चोळत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आपली १ तास ५२ मिनिटांची वेळ साताऱ्यात विसरावी. पहिल्यांदा येणाऱ्याने तीत पंधरा-वीस मिनिटे मिळवून बेत आखावा आणि चढावर वेगाऐवजी श्वासावर लक्ष ठेवावे. दोन शब्दांचे वाक्य बोलता येत नसेल, तर चालावे. घाटात चालणारे पुष्कळ असतात आणि उतारावर तेच पुढे गेलेले दिसतात.

पत्राच्या शेवटी आपण कंदी पेढ्यांविषयी विचारले आहे. ते खव्याचे असल्याने धावण्यापूर्वी जड पडतात. शर्यतीनंतर खुशाल खावेत. बंगळुरूसाठीचा पुडा मात्र शनिवारीच घेऊन ठेवावा, रविवारी दुपारी पेढ्यांच्या दुकानांपुढे धावपटूंचीच रांग असते आणि तेवढा वेळ उभे राहण्याची आपल्या मांड्यांची तयारी नसेल.